चौथ्या खांबाची जागा

सब्बल मुरमात शिरली की खसकन वाजते. दगडावर बसली की तिचा ठणका खणणाऱ्याच्या खांद्यापर्यंत जातो. त्या रविवारी सकाळी माझ्या सांदवाडीत जो आवाज झाला तो या दोन्हींतला नव्हता. बारीक होता, भांड्याला नख लागावं तसा. घरामागच्या त्या मोकळ्या जागेकडे पाठ करून मी ओट्यावर सागाच्या बल्लीची साल काढत बसलो होतो, तरी माझ्या हातातला वाकस थांबला. तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात करवतीच्या मशीनशेजारी उभं राहून माझे कान अर्धे गेले आहेत. प्रेमिला, म्हणजे माझी बायको, हाक मारते ती मला तिसऱ्या खेपेला ऐकू येते. हा आवाज पहिल्या खेपेलाच आला.

"काय लागलं गा धोंडबा?"

"डबी दिसते जी." धोंडबा गड्ड्यात गुडघे टेकून हाताने माती उकरत होता. पारशिवनीकडचा माणूस, साठीचा, खणायला वाघ. तीन गड्डे त्याने न्याहारीच्या आत पाडले होते. हा चौथा, मागच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यातला. त्याने डबी धोतराला पुसली आणि माझ्या हातात न देता ओट्याच्या कडेवर ठेवली. पितळेची होती, हिरवी पडलेली, चुन्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी. झाकण त्यानेच उघडलं. आत कापडाचा काळा पडलेला तुकडा, आणि तुकड्यात रुपयाएवढा चांदीचा पत्रा. त्याने तो पाहिला, लगेच परत गुंडाळला आणि डोक्याचं मुंडासं सारखं केलं.

"टाक व्हय जी. लेकराचा दिसते. आता इथं खांब नाही ठोकता येत."

"तसं काही नसते," मी म्हणालो. "आमच्यात तसलं काही नाही. खण तू."

"मी नाही खणत, गोविंदराव. तुमच्यात नसन. माह्या हाताले तं लागलं न." आणि पाय धुऊन तो चालता झाला. परवा येतो म्हणाला, मजुरीचं नावही काढलं नाही.

हे शेड मी बावीस वर्षं डोक्यात बांधत होतो. बाकीच्यांना त्यात काय एवढं, असं वाटेल. चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, बसायला एक ठोकळा. पण सुतारकी आमच्या बापजाद्यांची नव्हती. गावात आमच्या लोकांनी रंध्याला हात लावला असता तर सुताराने तो रंधा पुन्हा घरात घेतला नसता. मी कारखान्यात हमाल म्हणून लागलो, फळ्या वाहता वाहता फळ्या तासायला शिकलो, आणि आज डब्याच्या खिडकीची चौकट माझ्या हातची असली तर तिला इन्स्पेक्टर गुण्या लावून बघत नाही. काटकोन म्हणजे काटकोन. या गोष्टीचा मला गर्व आहे, लपवत नाही. कारखान्यात हत्यार सरकारचं, लाकूड सरकारचं. स्वतःचा बाक, स्वतःचा शिकंजा, स्वतःच्या छपराखाली, एवढंच मला हवं होतं. दर उन्हाळ्यात मी सांदवाडीत दोरी धरून मापं घ्यायचो आणि दर उन्हाळ्यात माय दारात येऊन उभी राहायची. "बांध न गा, कोण नाही म्हणते. पण त्या कोन्यात नको. तिथं पाणी मुरते, खांब सडन." मी म्हणायचो, माय, डांबर लावतो. ती म्हणायची, डांबरानं काय होते. एवढ्याशा गोष्टीसाठी आईशी कुठे भांडायचं म्हणून मी दोरी गुंडाळून ठेवायचो. आणि पाणी तिथे खरंच मुरायचं, कारण ती स्वतःच ओतायची. रोज दिवेलागणीला, सगळी भांडी घासून झाली की एक गडू पाणी हातात घेऊन ती मागे जायची आणि त्या कोपऱ्यात ओतून यायची. तिथे झाड नव्हतं, वेल नव्हता. म्हाताऱ्या माणसाची एकेक सवय असते, त्यातलीच एक, असं मी धरून चाललो होतो. दोन वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती गेली. मग कोपरा मोकळा झाला. म्हणजे मला तसं वाटलं.

डबी घेऊन मी आत आलो, दार लोटलं. टाक ओळखायला मला चष्मा लागला नाही. त्याचा खालचा उजवा कोपरा नव्हता. तुटलेला नव्हता, मुळातच नव्हता. मी बारा वर्षांचा होतो आणि नत्थू, माझा धाकटा भाऊ, आठ. मुदतीच्या तापाने एकवीस दिवसांत गेला. महिन्याभराने माय मला घेऊन इतवारीतल्या एका सोनाराकडे गेली होती. तेव्हा आमच्यातही घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करून देवांत बसवायचे, रोज त्यालाही पाणी-हळद लागायची. मायने पायातली जोडवी काढून दिली. सोनाराने वजन केलं आणि हसून म्हणाला, एवढ्यात पुरा टाक नाही होत बाई, कोपरा कमी पडेल. माय म्हणाली, पडू द्या, पोरगाच लहान होता. सोनाराच्या दुकानातला तो कोळशाचा वास, मायचे मोकळे पाय, आणि येताना रस्त्यात तिने मला घेऊन दिलेली संत्र्याची गोळी, जी मला गोड लागली म्हणून मला दिवसभर चोरट्यासारखं झालं होतं, हे सगळं त्या बंद खोलीत एकदम वर आलं. मी टाक तळहातावर घेऊन बसलो. वजन काहीच नव्हतं. तरी हात खाली जात होता.

कारण हा टाक इथे असायला नको होता. हा पिवळ्या नदीत असायला हवा होता, चोवीस वर्षांपासून. छप्पनच्या ऑक्टोबरात आम्ही दीक्षा घेतली. लाखो माणसं, पांढरी लुगडी, पांढरे सदरे, आणि माझ्या शेजारी माय, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं ती, खड्या आवाजात एकेक प्रतिज्ञा म्हणत होती. त्या आवाजात खोट नव्हती, आजही कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. तिसऱ्या दिवशी घरातले देव टोपलीत भरले. खंडोबा, बहिरोबा, आईभवानी, आणि पितरांचे टाक. त्यात नत्थू होता हे मला ठाऊक होतं. मी टोपली डोक्यावर घेतली, माय मागून आली. नदीला तेव्हा कमरेएवढं पाणी असायचं. काठावर मायने टोपली माझ्याकडून मागून घेतली आणि म्हणाली, मी सोडते. पाठमोरी होऊन पाण्यात उतरली, आणि तिने स्वतःच्या हाताने टोपली पालथी केली.

ही गोष्ट आमच्या वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. दर दसऱ्याला विहारापुढच्या मांडवात मी ती सांगतो. "माझी अडाणी माय पाण्यात उतरली. मी म्हटलं, माय, मी सोडतो. ती म्हणाली, नाही, मी सोडते." इथे मी थांबतो. टाळ्या पडतात. बायकांच्या ओळीत माय बसलेली असायची, पदर सारखा करत, मान खाली. मला वाटायचं लाजते. एकवीस दसरे मी ती गोष्ट सांगितली, तिच्यासमोर. आणि एकवीस दसरे मी त्यातला एक तुकडा गाळला. विसरलो नव्हतो, गाळलाच. नदीकडे जाताना, बाभळीपाशी, माय मागून म्हणाली होती, "गोविंदा, नत्थू देव व्हय का गा?"

मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. दोन महिने सभा ऐकून, पत्रकं वाचून माझं डोकं लखलखत होतं. मागे वळूनही न बघता मी म्हणालो, "टाक म्हंजे टाक, माय. एक ठेवला तं सगळे ठेवल्यासारखं. सगळं सोडाचं म्हंजे सगळं." बरोबरच होतं ते. आजही मला त्यात चूक दाखवता येत नाही. फक्त तिने विचारलं होतं ते दुसरंच काही होतं आणि मी उत्तर दिलं मांडवातल्या माणसांना.

संध्याकाळी मी पुढच्या खोलीत रेडिओ लावून बसलो. डबी सदऱ्याच्या खिशात होती. आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कोणाला सांगितलेली नाही. माय गेल्यापासून दिवेलागणीला मला मागून पाणी ओतल्याचा आवाज यायचा. रोज नाही म्हणता येणार, पण बहुतेक रोज. आधी भांडं कडीला लागल्यासारखा टणत्कार, मग मातीवर पाणी पडल्याचा दबका आवाज, मग काही नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या मानेवर काटा आला. भूतप्रेत मी मानत नाही, मांडवात उभा राहून तसं शपथेवर सांगणारा माणूस मी. मग हे काय? कान गेलेत, मी स्वतःला म्हणालो, गेलेल्या कानात जुने आवाज राहतात, कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांना सुट्टीतही भोंगा ऐकू येतो. चांगलं स्पष्टीकरण होतं. तरी दोन वर्षांत एकदाही उठून मागे जाऊन बघितलं नाही. रेडिओचा आवाज वाढवला. कोपऱ्यात कोणी नसेल तर मी वेडा, आणि असेल तर? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या रविवारीही टणत्कार आला. आणि मग जो आवाज आला तो रोजचा नव्हता. पाणी मातीवर पसरल्याचा नव्हता तो, पोकळीत पडल्याचा होता. डुबुक्. खोल. मी जागच्या जागी गार झालो, कारण कारागिराचं डोकं भीतीतही चालतं. जुना आवाज कानात राहिला असेल तर तो जुनाच राहील. सांदवाडीत आज सकाळी गड्डा पडला आहे हे माझ्या कानाला कसं कळेल? सकाळी उजाडल्यावर आधी मागे गेलो. तीन गड्डे कोरडे होते. चौथ्याच्या तळाशी चिखल होता.

सोमवारी कारखान्यात मी एक फळी अर्धा इंच आखूड कापली. बारा वर्षांत पहिल्यांदा. विश्वनाथ फोरमन म्हणाला, तब्येत बरी नाही का मिस्त्री, घरी जा. मी घरी गेलो नाही. सायकल काढली आणि पिवळ्या नदीवर गेलो. राहिलेलं काम पुरं करू, असा विचार होता. डबी नदीत टाकली की माझी गोष्ट खरी होते, मायचं वचन पुरं होतं, कोपरा कोपरा होतो आणि खांब खांब. ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. बाभूळ नव्हती, तिथे आता वीटभट्टी होती. नदीत घोट्याएवढं काळं पाणी, त्यात दोन म्हशी बसलेल्या. मी काठावर उभा राहून डबी बाहेर काढली, आणि हात वर केल्यावर मला मायची पाठ दिसली. तशी शेकडो वेळा दिसली होती, टाळ्यांसाठी. या वेळी मी ती नीट बघितली. पाण्यात उतरताना ती माझ्याकडे पाठ करून का उतरली? टोपली मागून का घेतली? तिला सोडायची हिंमत होती म्हणून नाही. टोपलीतला एक टाक काढून घेताना मला दिसू नये म्हणून. ती माझ्यापासून लपवत होती. ज्या जागी मी इतकी वर्षं थांबलो आणि टाळ्या घेतल्या, त्या जागी माझी माय मला भ्यालेली होती.

मला रडू आलं नाही. रडू यायला निदान कोणीतरी समोर लागतं. म्हशी रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या. मी डबी खिशात घातली आणि सायकलवर न बसता, ती हातात धरून, इंदोऱ्यातल्या आमच्या वस्तीपर्यंत चालत आलो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रेडिओ लावला नाही. पुढच्या खोलीत उभाच राहिलो, चपलाही काढल्या नाहीत. टणत्कार झाला. मी स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी गेलो. सहा पावलं होती, मला ती नदीपेक्षा लांब वाटली. कोपऱ्यात पांढरं पातळ दिसलं, वाकलेली पाठ, हातात गडू. मी चौकट धरली, माझ्याच हातची चौकट. मग ती पाठ वळली आणि ती प्रेमिला होती.

गडूतलं निम्मं पाणी अजून होतं. तिने ते सावकाश गड्ड्यात सोडलं. अर्धवट टाकून यायचं नव्हतं तिला.

"डबी तुमच्या खिशात हाये न?" ती म्हणाली.

"तुले माहीत होतं?"

"मायनं सांगतलं होतं. लग्न होऊन आली त्याच साली. म्हणे, मी नसली तं तू टाकत जाय वं, फक्त पाणी. पूजा नको, हळद नको, आपण सोडलं ते. पण तापातलं लेकरू पाणी पाणी करत गेलं माहं, वैदानं पाणी देऊ देल्लं नाही. तेवढं टाकत जाय."

हे मला ठाऊक नव्हतं. त्याच घरात होतो मी, बारा वर्षांचा, आणि मला ठाऊक नव्हतं.

"वीस-बावीस वर्षं," मी म्हणालो. "एका घरात. मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले?" प्रेमिला म्हणाली. रागावून नाही, टोमणा म्हणूनही नाही. एखाद्याने भिंतीला का नाही सांगितलं विचारावं तसं तिला खरंच नवल वाटलं. मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "माय म्हणे, त्याले सांगू नको. तो म्हणन, सगळं सोडाचं म्हंजे सगळं."

माझंच वाक्य. जसंच्या तसं. माझ्या माघारी या घरात ते चोवीस वर्षं फिरत होतं, दोन बायका त्याला चाहूल लागू न देता त्याच्या बाजूने ये-जा करत होत्या. मी भुताला भीत बसलो होतो आणि या घरात ज्याला भ्यायचं तो पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत बसला होता. मी पायरीवर बसलो. आता मात्र समोर कोणीतरी होतं. प्रेमिला माझ्याजवळ येऊन बसली, गडू तिने मधे ठेवला.

मंगळवारी धोंडबा आला. मी सुट्टी टाकली होती. डबी मी घासली नाही, कापडही बदललं नाही, होती तशी त्याच जागी ठेवली आणि माती लोटली. हात मीच मळवले. प्रार्थना म्हटली नाही, तेवढं आमचं आम्ही पाळतो. मग त्या जागेपासून दोन हात इकडे आणि दोन हात तिकडे अशा खुणा केल्या. एका खांबाऐवजी दोन.

"असं केलं तं कोना कापल्या जाते जी," धोंडबा म्हणाला. "टिनाही तिरप्या कापा लागन. गुण्यात नाही बसत."

"नाही बसत," मी म्हणालो. "खण."

या वेळी तो खणायला लागला.

शेड आठवड्याभरात उभं झालं. तीन कोपरे असे काटकोनात की त्यांना बोट दाखवायला जागा नाही, आणि चौथा कोपरा नाहीच. तिथे पत्रा तिरपा कापलेला आणि बाहेर हातभर उघडी माती. विहाराचे सेक्रेटरी रुपराव बघायला आले, भोवताली फिरले आणि पोट धरून हसले. "काय गा मिस्त्री, रेल्वेचं काम काटकोनात अन् घरचं असं? गुण्या हरवला का तुहा?" वस्तीत दोन दिवस तोच विनोद चालला. मला झोंबला, खोटं कशाला सांगू. तीस वर्षांचं नाव होतं. जाताना रुपराव म्हणाले, परवा दसरा, तुझी गोष्ट ठेवली आहे पहिल्या नंबरावर, दरवर्षीसारखी.

"सांगतो," मी म्हणालो. "यंदा थोडी लांब हाये."

"वाढवली का?"

"नाही. गाळली होती तेवढी परत घातली."

ते काही न समजून गेले. मी बाकावर शिकंजा बसवत राहिलो. नवा बाक, सागाचा वास, पत्रे दिवसभर तापून आता बारीक कडकडत होते. अंधारून यायला लागलं तसा स्वयंपाकघरात कडीला गडू लागला. प्रेमिला बाहेर आली आणि मला बघून दारातच थबकली. अजून सवय नाही तिला. मी उठून गेलो आणि तिच्या हातातून गडू घेतला. मी टाकतो, म्हणालो. ती बाजूला झाली.

तिरप्या पत्र्याच्या बाहेर उघड्या मातीपाशी मी वाकलो. पाणी ओतताना माझी पाठ घराकडे होती, आणि त्या दिवशी बाभळीपाशी माय मागून चालत होती तसं कोणी चालत असल्यासारखं मला वाटलं, म्हणून मी या वेळी वळलो. कोणी नव्हतं. प्रेमिला होती फक्त, दारात, आणि तिचं तोंड अंधारात दिसत नव्हतं.

"नाही वं माय," मी म्हणालो. "देव नाही व्हय तो. आपला नत्थू व्हय."